राणीला हात लावायचा नाही

९ जानेवारी

ती. बाबा,

आणि बेकरीचं म्हणाल, तर तुम्ही मला मुंग्या मारायला पाठवलं होतंत, मी मुंग्या मारल्या. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. लोक काम अर्धवट ठेवलं म्हणून पोराला हाकलतात. पुरं केलं म्हणून हाकललेला सगळ्या जगात मी एकटाच असेन. भट्टीमागच्या भिंतीतलं त्यांचं घर मी शोधून काढलं, राणीसकट संपवलं, बेकरीवाल्यानं पाठ थोपटली. घरी येतो तर तुम्ही माझ्या खांद्यावरचा फवारणीचा पंप काढून घेतलात आणि म्हणालात, "तुझा आवाज पुन्हा ऐकायचा नाही मला." म्हणून फोन करत नाही. अक्षराबद्दल तुम्ही काही बोलला नव्हतात.

तर मला नवीन काम लागलंय. हसू नका. पार्किंगचं सुटलं, लाँड्रीचं मी सोडलं, मग गाद्यांच्या कारखान्यात गाद्या उचलत होतो. तिथे कँटीनच्या फळ्यावर चिठ्ठी लागली: मालकांच्या बंगल्यावर मुंग्यांचा अनुभव असलेला माणूस पाहिजे. मला वाटलं, बंगल्यात मुंग्या झाल्या असतील. गेलो.

साहेब टकलावर चष्मा चढवून बसले होते. विचारलं, "मुंग्यांचं काम केलंयस?"

म्हटलं, "घरचा धंदा आहे, साहेब. वडिलांचा जन्म मुंग्यांत गेला."

साहेब उठून उभे राहिले, बाबा. माझे दोन्ही हात हातात घेतले. "आणि त्यांनी सगळं तुला शिकवलं?"

म्हटलं, "शिकवलं. पण त्यांना वाटतं सगळ्या मारू नयेत, यावरून आमचं फाटलं."

साहेब म्हणाले, "थोर माणूस!" त्यांना पुढचं काही ऐकायचंच नव्हतं.

मग त्यांनी आतलं दार उघडलं. खोली गरम, दमट, कुणीतरी नुकतीच आंघोळ करून गेल्यासारखी. भिंतभर काच. काचेमागे लाकडाचा ओंडका, शेवाळ, वरून बारीक तुषार. आणि ओंडक्यावर मुंग्या. अशा मुंग्या तुम्ही जन्मात मारलेल्या नाहीत. नखाएवढ्या, काळ्याभोर, पाठीवर सोनेरी लव आणि खांद्यांवर दोन दोन काटे. कुठल्याशा जंगलात बारा महिने पाऊस पडतो, तिथल्या एकाच डोंगरावर, झाडांच्या ढोलीत राहतात म्हणे. नाव एवढं लांब आहे की दारावरच्या पाटीवर दोन ओळींत मावलंय. माझा हात आपोआप मागे गेला, पंपाचा दांडा शोधायला.

साहेब कानात कुजबुजले, "आता ह्या तुझ्या."

तेव्हापासून मी इथे आहे. मुंग्यांच्या खोलीला दोन हीटर आहेत, एक बिघडला तर दुसरा असावा म्हणून. माझ्या खोलीला दार आहे. सकाळी पिकलेलं फळ कापायचं, गर मुंग्यांना, साल मला. मुंग्यांचं उष्टं खाणारा आपल्या घराण्यातला मीच पहिला. साहेबांसारखे छांदिष्ट लोक आणखी आहेत, त्यांचं मंडळ आहे. ते लोक एकमेकांना मुंग्यांचे फोटो पाठवतात आणि खाली "अभिनंदन" लिहितात. कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

एक विनंती. साहेबांना वाटतंय आपण पिढीजात मुंग्या पाळतो. त्यांनी तुमचा पत्ता घेतलाय. पत्र आलं तर खरं लिहू नका आणि खोटंही लिहू नका. लिहूच नका.

तुमचा,
भोवरा

२१ जानेवारी

चि. भोवरा यास आशीर्वाद. देतो, कारण द्यावे लागतात.

तुझे आजोबा मुंग्या मारत. मी मारल्या. तू फळं कापून त्यांच्यापुढे ठेवतोस. कुणी विचारलं तर आम्ही सांगतो, मुलगा गाद्यांच्या कारखानदाराच्या खासगी कामात आहे. निदान गादी ही इज्जतीची वस्तू आहे.

बेकरीचं तुला कळलेलं नाही म्हणतोस. सातवीनंतर शाळा सोडलीस तेव्हाही तुला हेच कळलं नव्हतं की वर्गात बसायचं कशासाठी. एका जागी बसलास कधी? म्हणून तर भोवरा नाव पडलं. आता बसलायस तर ऐक. त्या बेकरीच्या एकाही पावात कधी मुंगी निघाली नाही, आणि एकाही महिन्याला माझी फेरी चुकली नाही. महिन्याला सोळाशे. दुकानाचं भाडं त्यातून निघायचं. हे दोन्ही एकाच वेळी सांभाळायला अक्कल लागते. नुसतं मारायला काय, उकळतं पाणीही मारतं. आपला धंदा मारण्याचा नाही, आटोक्यात ठेवण्याचा आहे. समोरच्या मारायच्या, वाटेवरच्या मारायच्या, राणीला हात लावायचा नाही. हे तुला पंप द्यायच्या आधी सांगितलं होतं, पंप देताना सांगितलं होतं, आणि बेकरीच्या दारातही सांगितलं होतं.

आता बेकरीवाला रस्त्यात भेटला की म्हणतो, "तुमच्या पोरानं काम असं चोख केलंय की तुमची आठवणसुद्धा येत नाही." हे तो कौतुकानं म्हणतो. मी हसतो. ते हसू कसं असतं ते तुझ्या ताईला विचार.

तुझ्या साहेबांचं पत्र आलं. "आदरणीय मुंगीमित्र" अशी सुरुवात आहे. मी उत्तर दिलेलं नाही. गल्ल्यावरच्या काचेखाली ठेवलंय, वाऱ्यानं उडू नये म्हणून.

बाबा

भोवऱ्या, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून चार ओळी. काचेखालचं ते पत्र सरळ ठेवलेलं नाही, गिऱ्हाइकाला वाचता येईल असं उलटं ठेवलंय. आणि तू पाठवलेलं पत्र त्यांनी तीनदा वाचलं. "पंपाचा दांडा शोधायला" तिथे हसले. मी बघितलं तर खोकल्याचं सोंग केलं. – ताई

१७ फेब्रुवारी

ती. बाबा,

तुम्ही म्हणता मला काही कळत नाही, तर आता ऐका. सध्या मला एका घरात दोन पगार आहेत.

साहेबांच्या बायकोला मी बाई म्हणतो. बाई शांत आहेत. त्यांना जगात एकच त्रास आहे, तो संध्याकाळी कारखान्यातून परत येतो. मुंग्यांची खोली आधी त्यांची होती. दक्षिणेकडची, उन्हाची, तिथे त्यांचं शिवणाचं मशीन होतं. मशीन आता जिन्याखाली आहे. शिवाय या मुंग्यांना पांढरा उजेड सोसत नाही, तांबडा त्यांना दिसतच नाही, म्हणून साहेब संध्याकाळी तांबडा दिवा लावून तासन्‌तास काचेपुढे बसतात. बाई म्हणतात, "रस्त्यावरच्या माणसाला हे घर कसलं वाटत असेल?"

परवा त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं. म्हणाल्या, "ह्यांनी तुझं बोलणं ऐकलं. मी तुझी नखं बघितली. तू मारणाऱ्यांपैकी आहेस."

नखांत अजून आपली पावडर आहे, बाबा. जात नाही.

म्हटलं, "होय, बाई."

"मग मार. एकदम नको, ह्यांना धक्का बसेल. हळूहळू. दर आठवड्याला एक काडेपेटी भरून मला आणून दाखवायची. हे देतात तेवढेच मी देईन."

मी रात्री विचार केला. साहेब जगवायला पैसे देतात, बाई मारायला. साहेबांचं ऐकलं तर बाईंचा पगार जातो, बाईंचं ऐकलं तर साहेबांचा, आणि मुंग्या संपल्या तर दोन्ही. मग मला तो कोपरा आठवला.

मुंग्या आपली मेलेली माणसं घरात ठेवत नाहीत. उचलून एका कोपऱ्यात नेऊन टाकतात. एवढ्या मोठ्या खटल्यात रोज पाच-पन्नास म्हाताऱ्या होऊन मरतातच. मी सकाळी ब्रशनं तो कोपरा झाडून कचऱ्यात टाकायचो. आता टाकत नाही. काडेपेटीत भरतो. बाई उघडून बघतात, नाक मुरडतात, म्हणतात, "वा, मन लावून करतोस." पैसे मोजून देतात. साहेब संध्याकाळी काचेला नाक लावून म्हणतात, "कोपरा किती स्वच्छ ठेवतोस!"

मी एकही मारलेली नाही. तुम्ही हे शिकवलं नव्हतंत. बघा जमलंय का.

भोवरा

३ मार्च

चि. भोवरा यास आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. लबाडी आहे. पण लबाडीतही एक काटेकोरपणा लागतो, तो तुझ्यात होता हे आम्हाला माहीत नव्हतं. काडेपेटी कधी काठोकाठ भरायची नाही. कधी अर्धी न्यायची, कधी पाऊण. दर खेपेला सारखा आकडा दिसला की गिऱ्हाइकाला संशय येतो.

आपल्याकडे ठीक आहे. धंदा बेताचा आहे. समोरच्या रांगेत एक नवीन दुकान झालंय, ते वासाच्या कांड्या विकतात. कांडीनं मुंगी मरत नाही, पण लोकांना वास आवडतो.

आणखी एक. शेजारी एक गृहस्थ राहायला आलेत. वयस्क आहेत. त्यांना तुझ्या कामाबद्दल कुतूहल वाटलं. विचारत होते की साधी घरगुती काळी मुंगी, राणी आणि बरोबर शे-दीडशे कामकरी, अशी काचेच्या बरणीत ठेवली तर तिला खायला काय द्यावं, पाणी कसं द्यावं, आणि अंडी घालायचं राणीनं बंद केलं तर काय समजावं. मी म्हटलं, आम्ही मारणारी माणसं, आम्हाला काय ठाऊक. पण मुलाला विचारतो. घाई नाही. पण लवकर कळवलंस तर बरं.

बाबा

१९ मार्च

ती. बाबा,

शेजारच्या गृहस्थांना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, बरणीच्या तळाशी ओला कापूस ठेवा, त्यावर बारीक माती. पाणी ओतायचं नाही, बुडून मरतात. साखरेचं पाणी झाकणाच्या कडेला थेंबभर, रोज नको. आठवड्यातून एखादी मेलेली माशी, पिल्लांना मांस लागतं. बरणीला काळं फडकं गुंडाळा. आणि सारखं फडकं उचलून बघायचं नाही! राणी अंडी घालायची थांबते ती याचमुळे. साहेबांनाही हेच सांगून मी थकलो. बघणारा जितका प्रेमळ, तितकी राणी हैराण. बरणीच्या तोंडाला आतून तेलाचं बोट फिरवा, चढत नाहीत. गृहस्थ चांगले वाटतात. म्हातारपणी माणसाला काहीतरी छंद पाहिजेच. तुम्हीपण जात जा त्यांच्याकडे, गप्पा होतील.

इकडे जरा गडबड आहे. एक म्हणजे मुंग्या वाढतायत. राणी जोरात आहे. साहेब आनंदानं रडवेले झालेत आणि बाई काडेपेट्या मोजतायत. परवा म्हणाल्या, "एवढ्या मारतोस, तरी ओंडका दिसेनासा झालाय. ह्या मरून परत येतात का?"

मी म्हटलं, "बाई, चिवट जात आहे."

दुसरं म्हणजे मंडळाची समिती आठ एप्रिलला तपासणीला येणार आहे. ही जात काचेमागे जगवून वाढवणं म्हणे अजून त्यांच्या मंडळात कुणाला जमलेलं नाही. समितीनं हो म्हटलं तर साहेबांना पदक. साहेब आरशासमोर उभे राहून "हे माझं एकट्याचं यश नाही" असं म्हणायचा सराव करतात. कुणाचं आहे ते पुढचं वाक्य त्यांना अजून सुचलेलं नाही.

भोवरा

३० मार्च

भोवऱ्या,

हे पत्र मी बाबांना न सांगता लिहितेय. तू डोक्यानं मंदच राहणार का? शेजारी कुणी गृहस्थ नाहीत. शेजारची खोली वर्षभर कुलुपात आहे.

बरणी बाबांच्या पलंगाखाली आहे. दुकानामागच्या पायरीखालून त्यांनी स्वतः उकरून राणी काढली, चमच्यानं, श्वास रोखून. जन्मभर ज्या माणसानं समोर दिसली मुंगी की अंगठा टेकवला, तो आता सकाळी पलंगावरून वाकून बरणीला विचारतो, "काय, झोप झाली का?" तुझं पत्र आल्यापासून फडकं उचलत नाहीत. पण पलंगाशी कान लावून बसतात.

का ते सांगते. बेकरीसाठी. तुझ्या पत्राची वाट बघत होते ती याचसाठी, की राणी तगली, थोडी वाढली, की बरणी पिशवीत घालून बेकरीत जायचं, भट्टीमागे सोडून यायचं. महिन्याभरानं बेकरीवाला आपणहून बोलवेल. मग पुन्हा सोळाशे. मी म्हटलं, "बाबा, हे बरोबर नाही." म्हणाले, "भोवऱ्यानं त्यांचं घर मोडलं, मी परत बसवतोय. यात वाईट काय?"

तू पंप नेत नाहीस तेव्हापासून तो त्यांच्या खांद्यावर आहे, आणि उजवा खांदा आता वर होत नाही. शर्ट मी घालते. बाहेरच्या फवारण्या मी करते, ते बरोबर येऊन लोकांना सांगतात, "मुलीला शिकवतोय." भाडं दोन महिने थकलंय. दुकान सोडावं लागेल की काय म्हणून ते ही धडपड करतायत, आणि तुला कळवायचं नाही अशी मला तंबी आहे. म्हणून तू मला काही विचारू नकोस, आणि त्यांनाही तुला हे कळलंय असं लिहू नकोस. मान पाळ त्यांचा. पण काहीतरी कर.

ताई

१२ एप्रिल

ती. बाबा,

घाईत लिहितोय. इकडे भडका उडालाय.

समिती आली. पाच जण. बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून, तांबड्या दिव्यात, काचेपुढे उभे. एक तास नुसते बघत होते. मग अहवालात "भरभराटीची" लिहायचं की "समाधानकारक" यावर भांडले, तेही कुजबुजत, मुंग्यांना त्रास नको म्हणून. शेवटी "भरभराटीची" ठरलं आणि सगळे चहाला बाहेरच्या खोलीत आले. बाईंनी पांढराशुभ्र केक मांडला होता, आपल्या चार मैत्रिणींनाही बोलावलं होतं. केकवर मधोमध एक मुंगी. काळी, सोनेरी पाठीची, आमंत्रण असल्यासारखी चालत होती. समितीच्या एका माणसाच्या पिशवीला चिकटून आली असणार. बाईंची मैत्रीण किंचाळली. समितीचे पाचही जण केकवर ओणवे झाले आणि म्हणाले, "हलू नका! किती निरोगी आहे!"

त्या रात्री बाई मला म्हणाल्या, "तू फसवलंस. मी माणसं बोलावलीत. तीस तारखेला हे पदक घ्यायला दुसऱ्या गावी जाणार, त्याच दिवशी मोठ्या कंपनीची माणसं येतील. मुळासकट. तू फक्त दार उघडायचं. दार उघडलंस तर दुप्पट, नाहीतर सामान बांध."

दुप्पट पैशांची मला आत्ता किती गरज आहे ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि साहेबांना सांगितलं तर दोघांचं घर मोडेल, माझं तर मोडेलच. काय करू? तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?

त्या शेजारच्या गृहस्थांना एक निरोप द्या. म्हणावं, बरणी कुठे न्यायची मनात असेल तर आधी नीट विचार करा. बरणीत आहेत तोवर त्या तुमच्या. बाहेर सोडल्या की त्या कुणाच्याच नाहीत, आणि मग पंप घेऊन येणारा त्यांना ओळखत नाही.

भोवरा

२१ एप्रिल

चि. भोवरा यास आशीर्वाद.

गृहस्थांना निरोप दिला. ते म्हणाले, उशीर झाला. ते बरणी घेऊन एका ठिकाणी गेले होते. तिथल्या मालकानं बसायला खुर्ची दिली, गरम पाव दिला, म्हणाला, "पंप नसताना तुम्ही पहिल्यांदाच आलात, आज निवांत बसा." गृहस्थ बसले. मग मालक पीठ बघायला आत गेला, भट्टीमागे कुणी नव्हतं, बरणी पिशवीत होती. पण झाकण घट्ट बसलं होतं. उघडेना. म्हणून परत आणली. झाकणाचं असं होतं कधी कधी.

आता तुझं. दार उघडायला सांगितलंय तर उघड. तुझी नोकरी आहे. पण येणारी माणसं आपल्याच धंद्यातली आहेत हे विसरू नकोस. मारणाऱ्याशी मारणाऱ्यासारखं बोल, पाळणाऱ्यासारखं नको. गयावया केलीस तर ते हसतील. त्यांना पोट आहे, वरती साहेब आहे, महिन्याचा हिशेब आहे. मी तुझ्या जागी असतो तर त्यांना एवढंच विचारलं असतं की पुढच्या महिन्यात कुठे जाणार आहात.

आणि काहीही झालं तरी राणीला हात लावायचा नाही. हे मी धंद्याचं म्हणून सांगत नाही.

बाबा

भोवऱ्या, झाकण मी त्याच सकाळी उघडून साखरेचं पाणी ठेवलं होतं. दोन बोटांनी उघडतं. त्याला हवेसाठी भोकं बाबांनीच पाडलीत, खिळा तापवून. विचारलं तर एवढंच म्हणाले, "तिथे सोडल्या असत्या तर दर महिन्याला त्यांच्यावर पंप मलाच मारावा लागला असता." त्या पावाचा चुरा बरणीत आहे. – ताई

४ मे

ती. बाबा आणि ताई,

दार उघडलं.

तीन माणसं होती. दोन पोरं पांढऱ्या झग्यात, तोंडाला फडकी, आणि एक पिकल्या मिशीचा मुकादम. पाठीवर पंप पाहिले आणि काय सांगू, माझाच खांदा दुखला. बाई वर गच्चीत जाऊन बसल्या होत्या, बघवणार नाही म्हणून. मी मुकादमाला काचेपाशी नेलं. तो बघत राहिला.

म्हणाला, "देखण्या आहेत रे. अर्ध्या तासाचं काम."

म्हटलं, "अर्ध्या तासात होईल. बिल केवढं?"

त्यानं सांगितलं.

म्हटलं, "आणि पुढच्या महिन्यात?"

"पुढच्या महिन्यात काय? संपलं की काम."

म्हटलं, "हेच. एवढा बंगला, एवढी बाग, एवढं गिऱ्हाईक, आणि तुम्ही एका बिलात मोडून टाकता. मी एकदा असंच केलं होतं. चोख केलं होतं. घरी येऊन शिव्या खाल्ल्या."

मुकादमानं चष्मा पुसला. "कुणाकडे शिकलास?"

"बापाकडे."

"बाप अजून करतो?"

"करतो. राणी सोडून."

तो एवढ्या मोठ्यानं हसला की पोरं घाबरली. मग ओंडक्याला पाठ करून आम्ही दोघं खाली बसलो आणि धंद्याचं बोललो. बाबा, हा माणूस तुम्हाला आवडला असता. तोही म्हणतो, हल्लीच्या पोरांना मुळासकटच्या पुढे काही दिसत नाही.

तर आता असं ठरलंय. दर महिन्याच्या तीस तारखेला कंपनीची माणसं येणार, झगे घालून, पंप घेऊन. ओसरीत, जिन्यात आणि बाईंच्या खोलीबाहेर लिंबाच्या वासाचं पाणी मारणार. बाईंना सांगितलंय की जात चिवट आहे, वर्षभर उपचार लागेल. पहिल्याच दिवशी बाई खाली आल्या, खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आता कसं घर घरासारखं वाटतंय." मी काचेच्या फटी मेणानं बुजवल्यात आणि दाराच्या चौकटीला तेलाचं बोट फिरवलंय, गृहस्थांच्या बरणीसारखं. केकवर पुन्हा कुणी जाणार नाही. आणि मशीन जिन्याखालून काढून मी वरच्या गच्चीशेजारच्या खोलीत नेलंय, तिथेही ऊन येतं. कुणी सांगितलं नव्हतं. काल दिवसभर मशीनचा आवाज येत होता, आणि काडेपेटी मागायला त्या विसरल्या.

तीस तारखेलाच संध्याकाळी साहेब पदक घेऊन परत आले तर दारात झगेवाले. मी काही बोलायच्या आत साहेबच म्हणाले, "तपासणी? मुंग्यांच्या तब्येतीची? हिनं बोलावलं?" मुकादम अनुभवी माणूस, त्यानं नुसती मान हलवली. साहेबांनी त्या तपासणीचा वेगळा वर्षाचा करार स्वतःच्या नावानं केला. म्हणजे एकाच फेरीची दोन बिलं. नवरा-बायको दोघंही एकमेकांपासून लपवून भरतात आणि दोघंही जेवायला बसल्यावर एकमेकांशी गोड बोलतात. स्वयंपाकीण म्हणते, या घरात असं कधी ऐकलं नव्हतं. मंडळाच्या अहवालात शेवटची ओळ आहे: "कुटुंबाचा पाठिंबा अनुकरणीय."

मुकादमानं दोन्ही करारांवर माझं कमिशन काढून दिलंय, रोख. शिवाय म्हणाला, इकडे कंपनीत ये, तुझ्यासारखी माणसं मिळत नाहीत. मी म्हटलं, एका जागी बसायची मला सवय नाही, पण सध्या राणीनं नवीन अंडी घातलीत, ती फुटेपर्यंत हलता येणार नाही. तिथून पुढचं पुढे. तोवर आपला पंप कुणाला विकू नका आणि तुम्हीही उचलू नका. त्याचा पट्टा माझ्या मापाचा आहे.

बेकरीत मी चूक केली असं मी अजूनही म्हणत नाही. काम चोख होतं. फक्त त्याचं बिल तुमच्या खांद्यावर गेलं, ते बरोबर नव्हतं. बेकरीवाल्याकडे आता जायचं ते पाव खायला जा, रिकाम्या हातानं. आणि शेजारच्या गृहस्थांना सांगा, बरणी लहान पडू लागली की मोठी घ्यावी, फडकं रोज उचलू नये, आणि कान लावून ऐकायला हरकत नाही. मीही लावतो.

पैसे बँकेतून ताईच्या नावावर टाकलेत. बेकरीचे बारा महिने, महिन्याला सोळाशे प्रमाणे, एकोणीस हजार दोनशे. त्यातून आधी भाडं. आणि दोनशे वेगळे, गृहस्थांच्या साखरेसाठी. एकूण एकोणीस हजार चारशे.

भोवरा